सामानाची यादी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलीला नाही. रोहिणीला तर नाहीच. आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिच्यासमोर मी तासभर बसले, तिच्या हातचा चहा प्याले, तरी तिलाही मी काही सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक निळी वही आहे. कावासाकीतल्या दुकानातून घेतलेली. सुरुवातीच्या पानांवर मी जपानी अक्षरं गिरवली आहेत, वीसेक पानं, पुढे कंटाळून सोडून दिलेली. पण शेवटच्या पानावर मराठी आहे. एकोणीस ओळी. अक्षर माझं आहे, ओळी माझ्या नाहीत.

थांबा, असं कळायचं नाही. आधी रोहिणीबद्दल सांगायला हवं. की माझ्याबद्दल? बघा, इथंच अडतंय. इतकी वर्षं मनातल्या मनात ही गोष्ट सांगताना मी दर वेळी रोहिणीपासून सुरुवात करते, जणू दोष तिचाच होता.

तर माझ्यापासून. मी इतिहासाची एम.ए. पुण्यात एका कॉलेजात चार वर्षं शिकवत होते. दुसरं महायुद्ध हा माझा आवडता भाग. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे दोस्त राष्ट्रं, उजवीकडे अक्ष राष्ट्रं. खाली नकाशा. नकाशात बाण. ब्रह्मदेशातून इंफाळकडे येणारा जपानचा एक बाण, आणि तोच परत फिरलेला. त्या परतीच्या बाणाला मी तीन वाक्यं द्यायचे. उपासमार, रोगराई, हजारो मृत्यू. लिहून घ्या. पुढचा मुद्दा. पोरं लिहून घ्यायची. मला वाटायचं, मी फार छान शिकवते.

त्र्याण्णव साली विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कावासाकीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं. मी नोकरी सोडली, तीन वर्षांच्या मुक्ताला कडेवर घेतलं आणि त्याच्यामागून गेले. आणि एका दिवसात मी कुणीच नव्हते. पुण्यात रस्त्यानं जाताना दोन-चार पोरं तरी ‘नमस्कार मॅडम’ म्हणायची. इथं भाजीवाल्यासमोर मी मुक्यासारखी बोट दाखवून कोबी घ्यायचे. वाचायला येत नाही, बोलायला येत नाही, शिकलेली बाई एकदम अडाणी झालेली. तुम्ही कधी असे अडाणी झाला आहात? मोठेपणी?

रोहिणी आमच्याच इमारतीत, एक मजला वर राहायची. तिचा नवरा विवेकच्याच कंपनीत. ती डोंबिवलीची, बी.कॉम., माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची, अहोजाहो करायची. माझ्यानंतर सात महिन्यांनी आली आणि वर्षाच्या आत घडाघडा जपानी बोलायला लागली. स्टेशनसमोरच्या बेंतोच्या दुकानात, म्हणजे जेवणाचे तयार डबे विकतात तिथं, ती तीन तासांचं आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलून बोलून ती भाषा शिकली. चुकायची ढीगभर, पण चुकल्यावर स्वतःच खिदळायची आणि समोरचेही हसायचे. मी चुकायला घाबरायचे. म्हणून बोलायचेच नाही.

एकदा माझी कचऱ्याची पिशवी लाल कागद चिकटवून दाराशी परत आली होती. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, सगळे वार वेगळे, आणि मी काहीतरी भलतंच एकत्र केलं होतं. रोहिणीनं तो कागद वाचला, पिशवी उघडली, माझ्यासमोर माझा कचरा निवडला आणि मग मराठीत तक्ता लिहून माझ्या फ्रिजवर लावून दिला. किती चांगली वागली, नाही का? मला त्या तक्त्याकडे पाहिलं की अंगाची आग व्हायची. तिच्या अक्षरातला ‘ळ’सुद्धा मला बघवायचा नाही.

आणि मुक्ता. एकदा बेकरीत मी काहीतरी मागितलं, बाईला कळेना, तर माझी पाच वर्षांची मुलगी तिला जपानीत म्हणाली की आईला येत नाही, रोहिणीमावशीला येतं. तेवढं जपानी मला कळत होतं. दुर्दैवानं.

हा मत्सर होता. मी त्याला तेव्हा दुसरी नावं द्यायचे — ती उथळ आहे, ती पुढे पुढे करते, तिला खोली नाही. पण तो मत्सर होता, शुद्ध, आणि सकाळी उठल्याबरोबर हजर असायचा. तिच्या सँडलचा आवाज जिन्यात आला की मी नळ जोरात सोडायचे. ती दारात आली की मी म्हणायचे, ये गं ये, चहा टाकते.

दर गुरुवारी सकाळी वॉर्डाच्या सभागृहात परदेशी बायकांसाठी जपानीचा फुकट वर्ग असायचा. शिकवायला निवृत्त मंडळी. त्यांत एक हिराता-सान. वय चौऱ्याहत्तर, ताठ, बारीक, हिवाळ्यातही खोली ऊबदार असली तरी गळ्यातला मफलर न काढणारे. पहिल्याच दिवशी, आम्ही भारतातल्या आहोत असं कळल्यावर, त्यांनी एक शब्द विचारला. ‘पानी’ म्हणजे काय? रोहिणी पटकन म्हणाली, मिझु. पाणी. ते मान हलवून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्याचा अर्थ आम्हाला पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कळला. पंचाण्णव साल. युद्ध संपल्याला पन्नास वर्षं होत होती आणि ऑगस्टमध्ये सभागृहात आठवणींचं एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरत होतं. कुणी जुनी शिधापत्रिका आणणार होतं, कुणी बाँबनं वितळलेली बाटली. हिराता-सान उभे राहिले आणि म्हणाले, माझ्याकडेही एक वस्तू आहे, पण आधी मला काही सांगायचंय. रोहिणी माझ्या कानाशी मराठीत सांगत होती.

ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या तुकडीत होते. माघारीच्या वाटेवर एका झोपडीत एक हिंदी शिपाई पडला होता, इंग्रजांच्या बाजूचा, पोटात गोळी लागलेला. यांच्या तुकडीनं त्याला आदल्या दिवशी पकडलं होतं आणि आता तसंच टाकून पुढे जायचं होतं. त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि यांच्या हातात दिला. मग दोनदा, तीनदा म्हणाला, पानी. यांच्या कमरेच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी होतं. यांनी कागद घेतला आणि ते निघून आले. हिराता-सान म्हणाले, पन्नास वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला तो शब्द कळला नव्हता. पण मरणारा माणूस आणखी काय मागणार? मला तेव्हाही कळलं होतं.

एवढं बोलून ते खाली बसले. चौदा माणसांसमोर. मला हे पुन्हा पुन्हा आठवतं, की ते चौदा माणसांसमोर बोलले. खोलीत चिनी बायका होत्या, एक फिलिपीन्सची होती, कुणाकुणाच्या घरात काय काय झालेलं असेल त्या युद्धात. रोहिणी रडत होती. आणि मी? माझ्याच नकाशातला तो परतीचा बाण समोर बसलेला, मफलर घालून, आणि माझ्या मनात काय आलं असेल? सांगताना ते रोहिणीकडे बघत होते, माझ्याकडे एकदाही नाही — हे आलं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी जांभळ्या फुरोशिकीत, म्हणजे गाठ मारायच्या चौकोनी कापडात, तो कागद बांधून आणला. त्यांनी पूर्वी एकदा दिल्लीच्या कुणा विद्यार्थ्याला तो दाखवला होता, त्याला एक अक्षर लागलं नव्हतं. रोहिणीनं उलटसुलट करून पाहिला. ‘ताई, हे उर्दू आहे का हो?’

मी लांबूनच पाहिलं होतं. पेन्सिलीनं, हात न उचलता लिहिलेलं, वर सलग रेघ. मोडी होती ती. पुण्यात मोडीच्या वर्गाला मी दोन वर्षं जात होते. पेशव्यांच्या दप्तरातल्या वाकड्यातिकड्या अक्षरांवर डोळे फोडले होते. आणि जुन्या गावशाळेतून शिकलेली माणसं मोडीतच लिहायची, हे त्या खोलीत, त्या शहरात, बहुधा त्या अख्ख्या देशात फक्त मला ठाऊक होतं. मी म्हणाले, मोडी आहे, मला येते.

काय सांगू तुम्हाला! सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिराता-सान उठून उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी कुणीतरी होते. किती वेळ असेल — अर्धं मिनिट?

मग रोहिणीनं टाळी वाजवली. ‘अय्या, मग प्रश्नच मिटला! ताई, तुम्ही फक्त वाचून द्या, बाकी सगळं मी बघते.’ आणि तिनं भराभर जपानीत सगळ्यांना समजावून सांगितलं, वॉर्डाच्या पत्रकाचं काम बघणाऱ्या बाईंनी वहीत रोहिणीचं नाव लिहून घेतलं, आणि सगळ्या माना परत तिकडे वळल्या. ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. मला भाषा येत नाही म्हणून माझा त्रास वाचवत होती. तुम्ही फक्त वाचून द्या. त्या ‘फक्त’नं माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या अजून झोंबतात, खरं सांगते.

हिराता-साननी ते गाठोडं दोन्ही हातांनी मला दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी विवेक ऑफिसला आणि मुक्ता बालवाडीत गेल्यावर मी जेवायचं टेबल पुसलं, भिंग घेतलं आणि बसले. घडीवर पेन्सिल पुसट झाली होती, एका कोपऱ्याला तपकिरी डाग. पण हात चांगला होता, शाळेत बक्षीस मिळवलेला असावा असा. दोन तासांत सगळा कागद लागला. मी तो निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर देवनागरीत उतरवला.

पत्र मोठ्या भावाला होतं. लिहिणाऱ्याचं नाव दत्तू. गाव साताऱ्याकडचं, मी ते इथं लिहीत नाही. तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार, मी खुशाल आहे, इकडे डोंगर फार, आपल्याकडची माणसं पुष्कळ आहेत, आईला सांगावं की पायाचं दुखणं बरं झालं. आणि मग खाली हे —

‘माझी खबर सालभर आली नाही तर चंद्राला माझ्या नावावर बसवून ठेवू नये. तिचे वय ते काय. तिच्या आईबापांस बोलावून पाट लावून द्यावा. मी हे राजीखुशीने लिहितो. लोक काही म्हणाले तर हा कागद दाखवावा. तिला वाचून दाखवावे.’

त्या काळी, भावाला लिहिलेल्या पत्रात बायकोचं नाव कोण लिहायचं? ‘घरची मंडळी’ म्हणायचे फार तर. यानं चंद्रा असं सरळ नाव लिहिलं होतं. आणि दुसऱ्या लग्नाची मोकळीक आपल्या हातानं लिहून दिली होती, लोकांना दाखवायला पुरावा म्हणून. मी रडले. हे खोटं नाही, मी टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या झोडपत होतं, तो आवाज मला आठवतो. मला वाटलं, ती बाई असेल अजून. सत्तरीची असेल. मला वाटलं, आजच्या आज कळवायला हवं.

मग मी सोमवारपर्यंत का थांबले? फोन तर घरातच होता. थांबले, कारण वर जाऊन रोहिणीला सांगायचं म्हणजे ते तिच्या हाती द्यायचं होतं.

सोमवारी तीच आली. मी चहा टाकला. वाक्य जिभेवर तयार होतं, शपथेवर सांगते. तिनं बिस्किट बुडवलं आणि म्हणाली, ‘अहो ताई, पत्रकवाल्या बाईंचा फोन होता. पहिल्या पानावर घेणारेत. पत्र, हिराता-सान आणि मी, असा फोटो. मी काय घालू हो, साडी की पंजाबी ड्रेस? आणि काही लागलं का तुम्हाला त्यात?’

‘सामानाची यादी आहे,’ मी म्हणाले.

तिला आधी समजलंच नाही. मग मी नीट समजावून सांगितलं, वर्गात शिकवायचे तसं, मुद्देसूद. पलटणीतल्या कुणा कारकुनानं केलेली रसदीची टिपणं आहेत. तांदूळ, तुरीची डाळ, गूळ, तंबाखू, काड्यापेट्या. नाव नाही, गाव नाही. तिला संशय येऊ नये म्हणून मी पुढे म्हणाले की मोडीत असे कागद ढिगानं सापडतात. हे खरंच आहे म्हणा. खोटं बोलायला शिक्षण किती उपयोगी पडतं! रोहिणीचा चेहरा पडला. ‘अरेरे. बिचारे हिराता-सान. आणि तुमचेही एवढे कष्ट फुकट गेले, ताई.’ तिनं कप विसळून ठेवला आणि गेली. मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी गुणगुणत पोळ्या केल्या.

हिराता-सान तीन दिवसांनी स्वतः आमच्या दारात आले, रोहिणीला बरोबर घेऊन. हातात योकानचा डबा, गोड वड्यांचा. ते दारातच कमरेतून इतके वाकले की मला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. त्यांनी मला ‘सेन्सेई’ म्हटलं. बाई, गुरुजी, मॅडम — जे म्हणून घ्यायला मी दोन वर्षं तरसले होते, ते. मग त्यांनी रोहिणीमार्फत एकच विचारलं. यादीत तांदूळ होता का?

हो, मी म्हणाले.

म्हणजे त्यांना खायला मिळत होतं तर, ते म्हणाले, आम्हाला नव्हतं मिळत. आणि हसले. गाठोडं परत घेताना त्यांनी ते पुन्हा दोन्ही हातांनीच घेतलं, जणू यादी काय आणि पत्र काय, जपायचं ते जपायचंच. तो डबा मी संपवला, मुक्ताला दोन वड्या दिल्या, बाकी मीच खाल्ल्या.

प्रदर्शनात कागद ठेवला नाही. हिराता-सान तिथंही पाण्याची गोष्ट सांगायला उभे राहिले, रोहिणी शेजारी उभी राहून भारतीय बायकांना मराठी-हिंदीत सांगत होती, आणि पत्रकात पहिल्या पानावर तिचा फोटो तरीही आलाच. साडीतला. म्हणजे मी जे केलं, त्यानं जे एक साधायचं होतं, तेही साधलं नाही. मी तो अंक घडी घालून केराच्या डब्यात टाकला. जळणाऱ्या कचऱ्यात, तक्त्याप्रमाणे.

त्यानंतर मी वर्गाला जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दर गुरुवारी मनात यायचं, आज जाऊन सांगू या. भिंग चुकलं, उजेड कमी होता, पुन्हा वाचलं तर पत्र निघालं, असं काहीतरी. इतकं सोपं होतं. पण मग रोहिणी म्हणाली असती, ताई, बाकी मी बघते.

फेब्रुवारीत हिराता-सान गेले. न्यूमोनियानं, चार दिवसांत. रोहिणी मला अंत्यविधीला घेऊन गेली. मी पांढरी साडी नेसून निघाले, तर ती म्हणाली, इथं काळं घालतात ताई, आणि तिनं तिचा काळा कोट माझ्या खांद्यावर टाकला. तिथंही, त्या वेळीही, मला राग आला की हिला सगळं कसं ठाऊक असतं.

त्यांच्याकडे शेवटी पेटी उघडी ठेवतात आणि जवळची माणसं आत फुलं ठेवतात. फुलांबरोबर त्या माणसाच्या आवडीच्या वस्तूही ठेवतात, जळून जातील अशा. धातू चालत नाही, काच चालत नाही. विधी करवणाऱ्या माणसानं हळूच त्यांचा चष्मा बाजूला काढला. मुलीनं मफलर ठेवला. मग तिनं ते जांभळं गाठोडं ठेवलं, छातीवर, डाव्या बाजूला. रोहिणी माझ्या कानात म्हणाली, ‘यादी का असेना, पन्नास वर्षं जपली त्यांनी. बरोबर जाऊ दे, म्हणाली त्यांची मुलगी.’

माझ्या हातात पांढरी शेवंती होती. माझ्यापुढे पाच-सहा माणसं होती, मग माझी पाळी आली. गाठोडं माझ्या हातापासून वीतभर होतं. मला जपानी येत नव्हतं, असं म्हणता येईल? रोहिणी शेजारी उभी होती. मराठीत तीन शब्द पुरले असते. यादी नाही, पत्र. तिनं पुढचं सगळं खरंच बघितलं असतं. तिनं त्या पेटीत हात घातला असता, मी तिला ओळखते, तिनं कुणाची पर्वा केली नसती.

मी शेवंती त्या गाठोड्यावर ठेवली. नीट, झाकेल अशी. झाकण बंद झालं.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही पुण्याला परत आलो. रोहिणी तिकडेच राहिली, पुढे निशी-कसाईला गेली, तिथं आता आपली पुष्कळ माणसं आहेत आणि सगळी म्हणे तिलाच विचारतात. दिवाळीला तिचा फोन येतो. ताई, कशा आहात?

परत आल्यावर तीन महिन्यांनी मी एसटीनं साताऱ्याला आणि तिथून त्या गावी गेले. विवेकला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. पर्समध्ये वही होती. मी ती द्यायलाच नेली होती. निदान एसटीत बसले तेव्हा तरी तसंच होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. चंद्राबाई म्हटल्यावर कुणालाच कळेना, मग एक जण म्हणाला, मिलिटरीवाली म्हातारी का? दारात भेटल्या. बहात्तर-त्र्याहत्तरच्या. काटक, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. मी सांगितलं, पुण्याहून आलेय, महायुद्धावर गेलेल्या शिपायांची माहिती गोळा करतेय, कॉलेजसाठी. त्यांनी घोंगडी टाकली. पुतण्याच्या सुनेला दूध आणायला पिटाळलं आणि चहा स्वतः केला.

आणि माझा पहिला प्रश्न काय होता, सांगू? इतक्या वर्षांनी, त्या बाईच्या समोर बसून? मी विचारलं, माझ्याआधी इथं कुणी बाई आली होती का, जपानहून वगैरे? कुणी न्हाई, त्या म्हणाल्या. आणि मला हायसं वाटलं. तिथंसुद्धा.

मग त्या आपणहून बोलत राहिल्या. सरकारी कागद आला होता, त्यात मेला असं नव्हतं, सापडत नाही असं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यांतले दोन महिने तो घरी होता. बापानं दोनदा न्यायला माणूस पाठवला होता, दीर म्हणाला, भाऊ परत आला तर त्याला काय तोंड दाखवू? एकदा तर पाटासाठी एक चांगलं स्थळही आलं होतं. ‘म्या न्हाई म्हन्ले. त्येंनी इचारल्याबिगर कसं जानार?’ असं म्हणून त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. सून दूध ठेवून गेली. मांडीवर पर्स होती, पर्समध्ये वही, मी वरून चाचपून पाहिली.

त्या एकदम म्हणाल्या, ‘बाई, तुमी शिकलेल्या. तुमी समदे कागुद बघता. त्येंचा कायी कागुद-बिगुद आलाय का कुटं?’

मी पुढे कधी स्वतःला सांगून पाहिलं की त्यांचं कुंकू पुसायला लागू नये म्हणून मी गप्प बसले. ते खोटं आहे. कुंकवाचा विचार माझ्या मनात बाहेर पडल्यावर, फाट्यावर उभी असताना आला. तिथं, घोंगडीवर, माझ्या मनात एवढंच होतं — हिला वही दिली तर ही विचारील, मूळ कागद कुठाय, आणि कधीपासून आहे हे तुमच्याकडे.

‘नाही,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी उठले तशा त्या आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. सवाष्ण दारातून तशीच कशी जायची? त्यांनी बोट बुडवलं.

मी कपाळ पुढे केलं.